मेणबत्तीवाल्याचा मुलगा आणि तेरा गुणांची वही

एलूल महिना लागला की पहाटे सेलिहोथसाठी उठण्याची आपल्या समाजाची जुनी रीत आहे. अलिबाग-पेणकडची गावे असोत, मुंबईतली सिनॅगॉग असोत, की इथले दिमोना, बीर शेवा, अश्दोद वा लोद असो. अंधारात हळूच दार लोटून प्रार्थनेला निघालेली वडीलधारी माणसे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली आहेत. वर्षभरात आपल्या हातून काय चुकले याचा हिशेब या महिन्यात मांडायचा असतो. हिब्रूत त्याला हेश्बोन हनेफेश, म्हणजे जिवाचा हिशेब, असे म्हणतात.

याच नावाचे एक लहानसे पुस्तक आहे. सतानोव गावचे राब्बी मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी ते हिब्रूत लिहिले आणि १८०८ साली ते लेंबर्ग, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव शहरात छापले गेले. तेरा गुण निवडावेत, एकेका गुणासाठी एकेक आठवडा द्यावा, वहीत रकाने आखून रोज रात्री आपल्या चुका त्यात नोंदवाव्यात, अशी पद्धत त्यात सांगितली आहे. पुढे मुसार चळवळीचे प्रवर्तक राब्बी इस्राएल सलान्तर यांनी या पुस्तकाचा पुरस्कार केला आणि येशिवांतून ते वाचले जाऊ लागले.

आता नवलाची गोष्ट ऐका. ही वही मुळात कोणा राब्बीची नव्हे. ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या एका तरुण छापखानेवाल्याची आहे. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. पतंग उडवून आकाशातल्या विजेचा शोध घेणारा शास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार म्हणून त्याला सारे जग ओळखते. परंतु आज आम्ही त्या थोर म्हाताऱ्याविषयी लिहिणार नाही. बारा वर्षांपासून पंचविशीपर्यंतचा जो मुलगा होता, त्याच्याविषयी आम्हांला चार शब्द सांगायचे आहेत. आणि ते मुख्यतः आपल्या तरुण मुलामुलींसाठी आहेत. आपल्यापाशी मोठी पदवी नाही, घरी पैसा नाही, कोणाची प्रोटेक्सिया नाही, मग आपण स्वतःला घडवायचे तरी कशाच्या बळावर, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

परमुलखात आलेला बाप

बेंजामिनचे वडील जोसाया फ्रँकलिन हे मूळचे इंग्लंडमधील एक्टन गावचे. तिकडे त्यांचा धंदा रंगाऱ्याचा, कापड रंगवून देण्याचा. १६८३ च्या सुमारास बायकोमुलांना घेऊन ते समुद्र ओलांडून अमेरिकेत बॉस्टनला आले. नव्या मुलखात रंगाऱ्याच्या कामावर एवढे मोठे कुटुंब पोसले जाईना. तेव्हा अंगातली कला बाजूला ठेवून त्यांनी चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करण्याचा धंदा धरला. भारतातून इथे आल्यावर गिरणीतली, रेल्वेतली वा कचेरीतली आपली जुनी जागा विसरून मिळेल ते काम पत्करलेले बाप आपल्या समाजात थोडे नाहीत. त्यांना ही गोष्ट फोडून सांगायला नको. शिवाय आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. दिव्यासाठी तेल गाळणारे आपण आणि दिव्यासाठी चरबी वितळवणारा तो. म्हणजे धंद्याने आपण शेजारीच झालो.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी झाला. जोसायांना दोन बायकांपासून मिळून सतरा मुले झाली. त्यांत हा पंधरावा, आणि मुलग्यांत शेंडेफळ. एका वेळी तेरा भावंडे पंगतीला बसलेली त्याला आठवत होती. एवढ्या मोठ्या पंगतीत जेवणाची चव काय बोलणार? जोसाया होता होईल तो एखाद्या समंजस शेजाऱ्याला किंवा स्नेह्याला जेवायला बोलावीत आणि मुलांच्या कानांवर पडावा असा एखादा उपयोगी विषय मुद्दाम काढीत. ताटात काय वाढले, ते खारट की अळणी, याची चर्चा त्या घरात होत नसे. बेंजामिनची पहिली शाळा ती हीच, बापाच्या जेवणाच्या मेजावरची.

खरी शाळा त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आली. दहा मुलग्यांतला हा दहावा, म्हणून दशमांश या नात्याने त्याला धर्मकार्याला द्यावे असे वडिलांच्या मनात होते, आणि त्यासाठी आठव्या वर्षी त्याला लॅटिन शाळेत घातले. तिथे तो वर्गात वर चढत गेला; परंतु खर्चाचा विचार करून वर्षाच्या आतच वडिलांनी त्याला तिथून काढले आणि लेखन व गणित शिकवणाऱ्या साध्या शाळेत घातले. तिथे अक्षर चांगले वळले, पण गणितात तो नापास झाला. दहाव्या वर्षी शाळा संपली. मग वाती कापायच्या, साच्यांत चरबी ओतायची, दुकान सांभाळायचे आणि निरोप पोचवायचे, हा त्याचा दिनक्रम झाला.

हे काम त्याला मुळीच आवडत नसे. त्याची ओढ समुद्राकडे होती. एक मोठा भाऊ पूर्वी घर सोडून गलबतावर गेलेला, म्हणून वडिलांना धास्ती. त्यांनी मुलाला रागे भरण्याऐवजी एक शहाणपणाची गोष्ट केली. ते त्याला बरोबर घेऊन गावातून हिंडू लागले. सुतार, गवंडी, कातारी, तांबट आपापल्या कामात गढलेले दाखवीत आणि मुलाचा जीव कशात रमतो ते पाहत. त्यातून धंदा ठरला नाही. परंतु कसबी माणसाचे हात कसे चालतात हे निरखून पाहण्याची त्याला जन्माची गोडी लागली. घरातली लहानसहान दुरुस्ती तो स्वतः करू लागला, आणि पुढे विजेच्या प्रयोगांसाठी लागणारी साधने हाताने जुळवताना हेच निरीक्षण त्याच्या उपयोगी पडले. आपल्या गल्लीतल्या वेल्डरकडे किंवा शिवणकाम करणाऱ्या मावशीकडे पाच मिनिटे थांबून पाहायला पैसे पडत नाहीत, एवढेच आम्ही इथे सुचवतो.

सुट्या खंडाची शाळा

मुलाला पुस्तकांचे वेड आहे हे पाहून वडिलांनी बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. करार होता एकविसाव्या वर्षापर्यंतचा. तिथे खिळे जुळवता जुळवता त्याची पुस्तकविक्रेत्यांकडच्या उमेदवार पोरांशी ओळख झाली. संध्याकाळी एखादे पुस्तक मागून आणायचे, रात्र जागून वाचायचे आणि दुकान उघडण्यापूर्वी सकाळी न मळवता परत करायचे, असा क्रम सुरू झाला.

पंधरा-सोळा वर्षांच्या सुमारास एक प्रसंग घडला. कॉलिन्स नावाच्या मित्राशी त्याचा वाद जुंपला होता. स्त्रियांना विद्या द्यावी की नाही, हा विषय. बेंजामिन स्त्रीशिक्षणाच्या बाजूचा होता. दोघे एकमेकांना पत्रे लिहून वाद घालीत. ते कागद वडिलांच्या हाती पडले. वादात कोण बरोबर यात ते शिरले नाहीत. मुलाचे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे मित्रापेक्षा बरी आहेत, मात्र मांडणीत, सफाईत आणि स्पष्टपणात तो फार कमी पडतो, हे त्यांनी उदाहरणे दाखवून त्याला समजावले. मेणबत्त्या करणाऱ्या बापाने केलेली ही टीका मुलाला पटली. त्याने मनावर घेतले.

त्याच सुमारास 'स्पेक्टेटर' या लंडनच्या निबंधपत्राचा एक सुटा खंड त्याच्या हाती लागला. संपूर्ण संच नव्हे, एकच खंड. तो त्याने विकत घेतला, पुन्हा पुन्हा वाचला, आणि असे आपल्याला लिहिता येईल का, या ध्यासाने एक युक्ती काढली. एखादा निबंध घेऊन प्रत्येक वाक्यातल्या विचाराची दोन-चार शब्दांत टिपणे करायची. ती काही दिवस बाजूला ठेवून द्यायची. मग पुस्तक न पाहता तोच निबंध स्वतःच्या शब्दांत लिहून काढायचा आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या. आपला शब्दसंग्रह तोकडा आहे असे दिसले, तेव्हा त्याने निबंधांची पद्ये केली आणि मूळ लेख विसरल्यावर त्या पद्यांचे पुन्हा गद्य केले. विचारांचा क्रम कसा लावावा हे कळावे म्हणून तो टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटून ठेवी आणि काही आठवड्यांनी पुन्हा जुळवी. कधी कधी एखादी बारीकशी गोष्ट आपण मुळापेक्षा बरी साधली असे त्याला वाटे, आणि त्या आनंदावर पुढचे दिवस निघत. हे सारे करायचे ते रात्री काम संपल्यावर, पहाटे काम सुरू होण्यापूर्वी, किंवा रविवारी छापखान्यात एकटे बसून.

पुस्तकांना पैसे कुठून आले, तेही पाहा. सोळाव्या वर्षी एका पुस्तकाच्या वाचनाने त्याने मांसाहार सोडला. भाऊ आपल्या उमेदवारांच्या जेवणाचे पैसे एका घरी भरत असे. त्यातली निम्मी रक्कम मला रोख दे, माझे जेवण मी पाहीन, असे त्याने भावाला सांगितले. भावाने आनंदाने कबूल केले. त्या निम्म्यातही निम्मे उरू लागले. इतर लोक जेवायला गेले की हा पोरगा पावाचा तुकडा आणि मूठभर मनुका खाऊन, वर पेलाभर पाणी पिऊन पुस्तक उघडी. ज्या गणितात तो दोनदा नापास झाला होता, ते सगळे गणित त्याने याच जेवणाच्या सुट्टीत एका पुस्तकावरून स्वतःचे स्वतः पुरे केले.

१७२१ साली भावाने 'न्यू इंग्लंड कुरंट' नावाचे वर्तमानपत्र काढले. धाकट्याचे लेखन भाऊ छापणार नाही हे उघड होते. म्हणून १७२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने सायलेन्स डूगुड नावाच्या एका मध्यमवयीन विधवेचे सोंग घेऊन पत्रे लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. सकाळी भाऊ आणि त्याचे लेखक मित्र पत्र वाचून वाहवा करीत. अमका विद्वान असेल, तमका असेल, असे तर्क लढवीत. आणि लेखक तिथेच गप्प बसून खिळे जुळवीत असे. अशी चौदा पत्रे छापून आली. स्वतःची शैली म्हणतात ती त्याला अशी गवसली: दुसऱ्याच्या चांगल्या लेखनाची नक्कल करता करता.

खोटे वचन आणि खरे काम

भावाचे आणि त्याचे पटेना. जेम्स रागीट होता, मारहाणही करी. १७२३ साली सतरा वर्षांचा बेंजामिन करार मोडून पळाला आणि न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फियात उतरला. अंगावर प्रवासात मळलेले कपडे, खिसे सदऱ्या-मोज्यांनी फुगलेले, आणि जवळ एक डच डॉलर व शिलिंगभर तांब्याची नाणी. तीन पेन्स देऊन त्याने पाव मागितले तर तीन मोठाले गोळे हातात आले. दोन काखांत दोन आणि तिसरा खात खात तो रस्त्याने चालला असताना दारात उभ्या असलेल्या डेबोरा रीड नावाच्या मुलीने त्याला पाहिले आणि तिला हे ध्यान मोठे विचित्र वाटले. तीच पुढे त्याची बायको झाली. उरलेले दोन पाव त्याने नावेतून बरोबर आलेल्या एका बाईला आणि तिच्या मुलाला देऊन टाकले.

फिलाडेल्फियात छापखान्यात नोकरी मिळाली, आणि मग प्रोटेक्सियाही मिळाली. प्रांताचे गव्हर्नर कीथ यांनी या हुशार पोराला स्वतंत्र छापखाना काढून देण्याचे वचन दिले आणि सामान खरेदीला लंडनला जायला सांगितले. लागणारी हुंडी आणि शिफारसपत्रे जहाजावर पोचतील, असा भरवसा दिला. १७२४ च्या अखेरीस लंडनला पोचल्यावर पिशवी उघडून पाहिली तो त्याच्यासाठी एकही पत्र नव्हते. अठरा वर्षांचा पोरगा परक्या शहरात, खिशात थोडे पैसे आणि हातात एकच गोष्ट: खिळे जुळवण्याची कला. तिनेच त्याला तारले. तिथल्या छापखान्यातले कामगार सकाळपासून बिअर पीत. त्याशिवाय अंगात ताकद राहत नाही असा त्यांचा समज. हा नुसते पाणी पिई आणि दोन हातांत खिळ्यांचे दोन जड फर्मे घेऊन जिना चढे; बाकीचे दोन्ही हातांनी एकच उचलीत.

मात्र या लंडनच्या दिवसांत त्याने फिलाडेल्फियात वाट पाहणाऱ्या डेबोराला केवळ एक पत्र पाठवले, आणि तेही तिची आशा मालवणारे. तिचे दुसरीकडे लग्न झाले आणि तो नवरा तिला टाकून निघून गेला. भावाचा करार मोडणे, डेबोराला विसरणे, मित्राचे ठेव म्हणून आलेले पैसे खर्चून टाकणे, या साऱ्या चुका बेंजामिनने म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात लपवल्या नाहीत. छापखानेवाल्याच्या भाषेत त्याने त्यांना मुद्रणदोष म्हटले आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता आल्या असत्या तर बरे, असा भाव ठेवला. काही दोष त्याने जन्मीच दुरुस्त केले: १७३० साली डेबोराशी संसार थाटला आणि पुढे भावाच्या मुलाला आपल्याकडे उमेदवार ठेवून धंदा शिकवला.

साधा वेष

१७२६ साली परतल्यावर त्याने दुसऱ्या वर्षी आपल्यासारख्याच कष्टकरी तरुणांचे मंडळ काढले. त्यात छापखान्यातली पोरे, एक काचकाम करणारा, एक मोची, एक सुतार अशी माणसे होती. मंडळाचे नाव जुंटो. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. या आठवड्यात काय वाचले, गावात कोणाचा धंदा बसला आणि का बसला, कोणा नवख्याला मदत करता येईल, असे प्रश्न ठरलेले असत. तावातावाने ठाम बोलणाऱ्याला लहानसा दंड होई. यांच्याच विचारातून १७३१ साली वर्गणीचे ग्रंथालय निघाले. पन्नास सभासदांनी सुरुवातीला चाळीस चाळीस शिलिंग दिले आणि पुढे वर्षाला दहा शिलिंग. एकट्याला न परवडणारी पुस्तके अशी पन्नास घरांना मिळाली.

१७२८ साली त्याने भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. कर्ज डोक्यावर होते. त्या काळात त्याने आपला वेष मुद्दाम साधा ठेवला, रिकामटेकड्या जागी तो दिसेनासा झाला, आणि विकत घेतलेला कागद कधी कधी स्वतः एकचाकी गाडीवर घालून रस्त्यातून ढकलीत आणला. यात थोडा दिखावाही होता हे त्याने स्वतः मान्य केले आहे; आपण नुसते कष्टाळू असून भागत नाही, तसे लोकांना दिसलेही पाहिजे, असा त्याचा हिशेब. व्यापाऱ्यांचा विश्वास बसला आणि कर्ज फिटले.

१७३३ पासून तो भाषा शिकू लागला. फ्रेंच झाली, मग इटालियन. एक मित्र त्याच्याबरोबर बुद्धिबळ खेळण्यात त्याचा फार वेळ घेई. तेव्हा पैज ठरली की प्रत्येक डावात जो जिंकेल त्याने हरणाऱ्याला व्याकरणाचा किंवा भाषांतराचा पाठ द्यायचा. दोघे सारखेच खेळणारे. त्यामुळे एकमेकांना हरवीत हरवीत दोघेही इटालियन शिकले. उलपानमध्ये घाम गाळलेल्या आमच्या वाचकांना ही युक्ती आधी कळली असती तर बरे झाले असते!

तेरा गुण आणि ठिपक्यांची कुऱ्हाड

आता त्या वहीकडे येऊ. पंचविशीच्या आसपास त्याने निर्दोष होण्याचा संकल्प सोडला. संयम, मौन, टापटीप, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, मध्यममार्ग, स्वच्छता, शांतचित्तता, शुचिता आणि नम्रता असे तेरा गुण त्याने काढले. आधी बाराच होते. तू गर्विष्ठ आहेस असे एका क्वेकर मित्राने त्याला उदाहरणे देऊन पटवले, तेव्हा तेरावा नम्रतेचा घातला. वहीच्या प्रत्येक पानावर तांबड्या शाईने आठवड्याच्या वारांचे सात रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी आखल्या. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष ठेवायचे. चूक झाली तर त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. पहाटे पाचला उठल्यावर आज कोणते चांगले काम करू, आणि रात्री निजताना आज कोणते केले, हे दोन प्रश्न स्वतःला विचारायचे.

आपल्यात इतके दोष असतील असे त्याला वाटले नव्हते. ठिपके खोडून पुन्हा वापरता वापरता पानांना भोके पडू लागली. सगळ्यांत छळले ते टापटिपीने. कागद आणि वस्तू जागच्या जागी ठेवणे त्याला कधीच जमले नाही. या संदर्भात त्याने एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. त्या माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखेच सारे पाते चकचकीत करून मागितले. लोहार म्हणाला, करतो, पण चाक तू फिरव. चाक फिरवता फिरवता गिऱ्हाईक घामाघूम झाले. अजून ठिपके होतेच. शेवटी, असू दे, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते, असे म्हणून ते चालू लागले. आपलेही पुष्कळदा तसेच होते, हे फ्रँकलिनला पक्के ठाऊक होते. पूर्णपणा त्याला कधी आला नाही. पण प्रयत्न न करता जसा राहिला असता त्यापेक्षा आपण बरे आणि सुखी झालो, एवढे समाधान त्याने मानले.

हिशेबातले डाग

इथवर आम्ही त्याला एकेरी हाक मारली. १७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, फ्रँकलिन धंद्यातून निवृत्त झाले. इथून पुढे त्यांना आदरार्थी म्हटले पाहिजे. विजेचा तो पतंगाचा प्रयोग, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ ची राज्यघटना, हे सर्व त्यानंतरचे. १७७६ च्या अखेरीस फ्रान्सच्या मदतीसाठी ते पॅरिसला गेले तेव्हा जरीच्या पोशाखांच्या आणि पावडर लावलेल्या टोपांच्या त्या दरबारी शहरात हा सत्तर वर्षांचा गृहस्थ साधे कपडे आणि केसाळ कातड्याची टोपी घालून हिंडला. पॅरिस त्या टोपीवर इतके खूश झाले की बायका आपले केस तिच्या आकारात बांधू लागल्या. एकचाकी गाडी ढकलणाऱ्या तरुणाचा साधा वेष म्हातारपणी असा शोभून दिसला.

परंतु हिशेब मांडायचा तर डागही दाखवले पाहिजेत. फ्रँकलिन यांच्या घरी गुलाम होते आणि त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. न्याय हा गुण वहीत असूनही कित्येक वर्षे त्यांना हा ठिपका दिसला नाही. उशिरा दिसला. १७८७ साली ते गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि १७९० च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढे गेला. डेबोरा १७७४ साली वारली तेव्हा ते लंडनमध्ये होते. दहा वर्षांत दोघांची भेट झाली नव्हती. मुलगा विल्यम स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूला राहिला, आणि ते तुटलेले नाते बापाने शेवटपर्यंत सांधले नाही. देशोदेशींचे तह जुळवणाऱ्या माणसाला घरातला तह जमला नाही. आपल्या तरुणांनी हेही वाचावे. स्वतःला घडवण्याच्या नादात घरच्या माणसांचा रकाना रिकामा राहू नये.

१७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन वारले. मृत्युपत्रात त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. पंचविशीच्या आतील, उमेदवारी पुरी केलेल्या, लग्न झालेल्या तरुण कारागिरांना धंदा सुरू करण्यासाठी त्यातून अल्प व्याजाने कर्ज द्यावे, अशी अट होती. योजना दोनशे वर्षांची होती; १९९० साली ती पुरी झाली तेव्हा त्या ठेवीचे लाखो डॉलर झाले होते. स्वतःला तरुणपणी जे मिळाले नाही, ते त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या तरुणांसाठी असे ठेवले.

आपल्या दाराशी आलेली वही

आपल्या लोकांशीही त्यांचा संबंध आला. फिलाडेल्फियातील मिकवे इस्राएल हे सिनॅगॉग युद्धानंतर कर्जात बुडाले. १७८८ साली मंडळींनी शहरातल्या इतर धर्मीयांपुढे वर्गणीचा कागद ठेवला. त्यावर पाच पौंडांचा आकडा घालून ज्यांनी सही केली, त्यांत ८२ वर्षांचे फ्रँकलिन होते.

त्यांच्या मृत्यूनंतर १७९१ साली आत्मचरित्राचा पहिला भाग पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यांची गुणांच्या वहीची युक्ती युरोपात पसरली आणि राब्बी लेफिन यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी गुणांची यादी बदलली. सहनशीलता, मनाची स्वस्थता, सत्य, तत्परता असे आपल्या परंपरेतले गुण घातले. टापटीप, काटकसर, मौन आणि नम्रता तशीच ठेवली. आकडाही तेराच ठेवला. पुस्तकात फ्रँकलिन यांचे नाव नाही, पण तेरा आठवड्यांचा फेरा आणि रोजचा ठिपका त्यांचाच. चांगली गोष्ट कोणाकडूनही घ्यावी आणि आपल्या घरच्या भाषेत नांदवावी, हे राब्बी लेफिन यांनी जाणले. सोळा वर्षांच्या बेंजामिनने त्या सुट्या खंडावर दुसरे काय केले होते?

आम्हांला या चरित्रातून एवढेच सांगायचे आहे. त्या मुलाला मोठा गुरू मिळाला नाही. त्याला मिळाले ते बापाचे मेज, रस्त्यावरचे कारागीर, मागून आणलेली पुस्तके, अर्ध्या जेवणाचे पैसे आणि शुक्रवारची मित्रमंडळी. यांतले आपल्या कोणत्या घरात नाही? आपले मेज तर शब्बाथच्या रात्री भरलेलेच असते. त्यावर एखादा शहाणा पाहुणा आणि एखादा उपयोगी विषय आणला की झाले.

येत्या एलूलमध्ये आपल्या एखाद्या मुलाने वा मुलीने वीस पानांची साधी वही घेऊन तीत सात उभ्या आणि तेरा आडव्या रेघा माराव्यात, असे आम्हांला मनापासून वाटते. तेरा गुण जड वाटले तर तीन घ्यावेत. ठिपके पडतील, पडू द्यावेत. वडीलमंडळींनी मात्र त्या वहीत डोकावू नये. त्यांनी स्वतःची वेगळी घ्यावी. रोश हशानाला आपण सारे भेटू तेव्हा प्रत्येकाची कुऱ्हाड मागच्या वर्षापेक्षा थोडी अधिक चकाकती असावी, हीच आमची परमेश्वरापाशी प्रार्थना. शाना तोवा!